घरची भाजी, बाजारची भाजी आणि साखरेचा आजार

देसाईगंजला, म्हणजे आपल्या वडशाला, आमच्या खाला राहतात. घरामागे त्यांची सांदवाडी आहे; शहरातले लोक तिला परसबाग म्हणतात. पावसाळ्यात तिथे गेलो की मांडवावर दोडकी आणि कारली लोंबत असतात, कुंपणावर वालाचा वेल चढलेला असतो आणि विहिरीजवळ धोप्याची पाने हत्तीच्या कानाएवढी झालेली असतात. निघताना खाला पिशवी भरून देतात आणि म्हणतात, "बाजारची भाजी खाऊनच तुम्हा लोकांची शुगर वाढते. ही घेऊन जा. घरची आहे, औषध मारलेली नाही."

खालांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. इकडे बल्लारपूरला आमच्या अब्बांनाही आहे. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात खालांच्या वेलाला कारली भरपूर लागली. रोज सकाळी पेलाभर रस सुरू झाला. महिनाभराने त्यांनी गोळ्या बंद केल्या. घरात कोणाला सांगितले नाही. "आपल्याच वेलाचे कारले, त्याने नुकसान काय होणार?" असे त्यांनी मनाशी ठरवले होते. त्याच दिवसांत ओल्या वाडीत अनवाणी फिरताना पायाला काहीतरी टोचले. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झाली होती, त्यामुळे दुखलेही नाही. जखम दिसली तेव्हा ती चिघळलेली होती आणि साखर चारशेच्या वर गेली होती. शेवटी पायाचे एक बोट काढावे लागले. अल्लाहचे शुक्र की पाय वाचला.

दवाखान्यातून घरी आल्यावर खालांनी आम्हाला विचारले, "मी तर बाजारची भाजी घरात येऊच दिली नाही. मग माझ्यावर ही वेळ का आली?" हा प्रश्न फक्त त्यांचा नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीत ज्या ज्या घरी साखरेचा आजार आहे, तिथे गावरान आणि बाजारची असा वाद कधी ना कधी होतोच. म्हणून या विषयावर जे आम्हाला समजले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

साखर मोजणारे यंत्र गाव विचारत नाही

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आता फक्त श्रीमंतांचा किंवा शहरांचा आजार राहिलेला नाही.

जेवणानंतर साखर किती चढेल हे मुख्यतः त्या जेवणात कर्बोदके, म्हणजे पिठूळ आणि गोड पदार्थ, किती होते यावर ठरते. दुधी, दोडके, कारले, भेंडी, वांगी आणि पालेभाज्या यांत कर्बोदके फार कमी असतात. मग ती भाजी खालांच्या मांडवावरची असो की चंद्रपूरच्या मंडईतली. बटाटा, कोचई, रताळे हे मात्र पिठूळ कंद आहेत. ते स्वतःच्या वाडीतून खणून काढले, तरी साखरेच्या हिशेबात ते भाजीत नव्हे, भाताच्या बाजूला मांडावे लागतात. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खाण्यास सांगते, त्यातही बटाट्यासारखे कंद धरलेले नाहीत.

म्हणजे बोटाला सुई टोचून साखर पाहणारे यंत्र भाजीचे गाव विचारत नाही. ती कोणती भाजी आहे, किती खाल्ली आणि कशासोबत खाल्ली, एवढ्यावरच त्याचा आकडा ठरतो.

मग घरच्या भाजीचा फायदा काय?

फायदा आहे, आणि मोठा आहे. पण आपण समजतो तो नाही.

पहिला फायदा म्हणजे ती भरपूर खाल्ली जाते. विकतची मेथीची जुडी महाग झाली की घरात सहा माणसांत एक जुडी होते आणि ताटात चमचाभर भाजी येते, तीही लोणच्यासारखी तोंडी लावायला. वाडीत अंबाडी, चवळी किंवा लाल भाजी माजली असेल तर पातेलेभर भाजी होते आणि प्रत्येकाच्या ताटात वाटीभर पडते. मधुमेह्याला खरी गरज या वाटीची आहे. भाजीतला चोथा पोट भरतो आणि साखर रक्तात हळूहळू जाते.

दुसरा फायदा ताजेपणाचा. पालेभाजी तोडल्यापासून तिच्यातले काही जीवनसत्त्व, विशेषतः क जीवनसत्त्व, कमी होऊ लागते. सकाळी तोडून दुपारी शिजवलेली भाजी चवीला आणि गुणाला सरस असते. मात्र तिचा चोथा दोन दिवसांत कुठे जात नाही. म्हणून दोन दिवसांची भेंडीही साखरेसाठी कामाचीच.

तिसरा फायदा फवारणीचा. आपल्या वेलावर काय मारले हे आपल्याला ठाऊक असते. पण घरचे म्हणजे आपोआप स्वच्छ, असेही नाही. नालीच्या पाण्यावर वाढवलेली भाजी घरची असली तरी धोक्याची. कोळसा खाणी आणि वीज केंद्राच्या परिसरात पानांवर काळी धूळ बसते, ती आमच्या बल्लारपूरच्या कुंड्यांतल्या पालकावरही दिसते. वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुतल्याशिवाय ती भाजी चिरायची नाही, हा आमच्या अम्मींचा नियम आहे.

चौथा फायदा ताटाबाहेरचा आहे. खुरपणे, पाणी घालणे, वेल बांधणे यात रोज अर्धा-पाऊण तास शरीर हलते, आणि हालचालीने साखर खर्च होते. फक्त पायात बंद चप्पल किंवा बूट हवेत. मधुमेह्याने ओल्या मातीत अनवाणी जाऊ नये आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरातल्या मुलाला पाहायला सांगावे. खालांचे बोट या एका गोष्टीने वाचले असते.

रानाची देणगी

गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल आहे. १९८२ साली तो चंद्रपूरपासून वेगळा झाला, पण दोन्हीकडचे रान आणि रानाचे खाणे एकच आहे. पाऊस पडला की बाजाराच्या दिवशी तरोट्याची कोवळी पाने, काटवल, कुरडू, पाथरी, बांबूचे कोंब म्हणजे वास्ते आणि सात्या म्हणजे रानातल्या अळंब्या विकायला येतात. टोपल्या घेऊन बसलेल्या बहुतेक आदिवासी बायकाच असतात. पावसाळ्यात कृषी विभागातर्फे रानभाजी महोत्सवही भरतात. तिथे भाजी ओळखायला आणि रांधायला शिकता येते.

आपल्या मुस्लिम घरांत या भाज्या कमी शिजतात. "ती त्यांची भाजी" असे म्हणून आपण पुढे जातो आणि त्याच बाजारातून बटाटे घेऊन येतो. काटवलाची परतून केलेली भाजी किंवा तरोट्याची डाळ घालून केलेली भाजी मधुमेह्याच्या ताटाला उत्तम आहे. शिवाय तिचा पैसा सरळ त्या बाईच्या हाती जातो.

मात्र रानाबद्दलही काही गोष्टी सांभाळायला हव्यात. वास्ते कच्चे खाऊ नयेत. कापून, भिजवून, उकळून ते पाणी फेकून द्यावे, कारण कच्च्या कोंबात विषारी अंश असतो. अळंबी ओळखीच्या विक्रेत्याकडचीच घ्यावी, स्वतः अंदाजाने तोडू नये. आणि भाजीसाठी एकट्याने जंगलात शिरू नये. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मोह, तेंदू आणि सरपण आणायला गेलेली किती माणसे वाघाच्या हल्ल्यात गेली, हे येथल्या वाचकांना सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. रानातले सगळेच साखरेला चांगले नसते. मोहफुलात साखर भरलेली असते. सीताफळ आणि तेंदूफळ गोडच. जंगलातल्या मधाला आपल्या घरांत शिफा म्हणून मान आहे आणि तो राहणारच. पण मधुमेह्याच्या रक्तात शुद्ध मधही साखर वाढवतोच. "नैसर्गिक आहे" म्हणून रोज दोन चमचे घेणे बरे नाही.

बाजारची भाजी वैरी नाही

सगळ्यांकडे सांदवाडी नसते. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वरोरा इथे भाड्याच्या दोन खोल्यांत किंवा क्वार्टरमध्ये राहणारी कितीतरी कुटुंबे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा वाडी असलेल्यांचेही वेल जळतात. अशा वेळी घरची भाजी नाही म्हणून भाजीच न खाणे आणि वरण-भातावर भागवणे, हा सर्वांत मोठा तोटा आहे. आम्ही आमच्याच घरात हे पाहिले आहे. खालांकडची पिशवी संपली की अब्बा म्हणायचे, "बाजारची नको, औषधाची असते." आणि आठवडाभर भात, डाळ आणि आमलेट चालायचे. त्या आठवड्यात त्यांची साखर हमखास वाढलेली असायची.

बाजारची भाजी घेताना ऋतूची घ्यावी, गावातल्या किंवा जवळच्या वाडीवाल्याकडून मिळाली तर उत्तम. ती भरपूर पाण्याने चोळून धुवावी, कोबीची वरची पाने काढून टाकावीत. एवढी काळजी घेतली की निर्धास्त खावी. दुकानातून येणारा खरा धोका भाजीचा नाही, तिच्याबरोबर पिशवीत येणाऱ्या बिस्किटांच्या पुड्याचा, टोस्टचा, थंड पेयाच्या बाटलीचा आहे. पुड्यावर "शुगर फ्री" लिहिले असले तरी आत मैदा असतोच.

भाताचे काय?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपला मुलूख धानाचा आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून जे वाण तयार केले, ते एचएमटी या नावाने देशभर गेले. दादाजी २०१८ साली वारले, पण त्यांचा बारीक, मऊ तांदूळ घरोघरी आहे. त्या तांदळाचा अभिमान बाळगावा. दोष तांदळाचा नाही, आपल्या ताटातल्या ढिगाचा आहे.

शिजलेल्या १०० ग्रॅम पांढऱ्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. तीन वाट्या भात खाल्ला तर ८० ग्रॅमच्या वर. खालांच्या त्या काळच्या ताटात दोन्ही वेळा इतका भात असायचा, वर पातळ डाळ आणि काठाला दोन चमचे घरची भाजी. भाजी घरची होती, ताजी होती, पण ती ताटात होती कुठे? तिला कामच करायला मिळाले नाही.

भाजी हे साखरेवरचे औषध नाही. ती भाताची जागा घेणारे अन्न आहे. तिने भाताची जागा घेतली नाही तर ती वेलावरून तोडलेली असो की दुकानातून आणलेली, साखरेला फरक पडत नाही.

आता आमच्या घरी ताटाचे गणित सोपे ठेवले आहे. निम्मे ताट भाजी आणि काकडी-मुळा. पाव ताट डाळ, अंडे, मासे किंवा गोश्त. उरलेल्या पाव ताटात भात किंवा पोळी, दोन्ही नाही. जेवणाची सुरुवात भाजीने, मग डाळ-सालन, भात शेवटी. या क्रमाने साखर हळू चढते, असे अभ्यासांतही दिसले आहे. हातसडीचा तांदूळ किंवा ज्वारीची भाकरी बरी, पण तीही मोजूनच.

स्वयंपाकाची रीतही पाहावी लागते. आपल्याकडे दोडके, दुधी, अंबाडी गोश्तात पडते तेव्हा त्यावर बोटभर तेलाचा तवंग येतो आणि भाजी शोधावी लागते. तेच सालन उलटे करता येते: भाजी दुप्पट, गोश्त निम्मे, तेल मोजून. आमच्या अम्मींनी अंबाडी-गोश्त असे केले तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्यांनी नाक मुरडले. आता तेच आवडते.

कारले, दुधी आणि गोळी

कारले साखर कमी करते हा समज फार जुना आहे. त्याविषयीचे प्रयोग एकत्र तपासणारा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१२ साली आला. कारल्याने मधुमेह आटोक्यात येतो असे म्हणण्याइतका पुरावा त्यात मिळाला नाही. कारल्याची भाजी जरूर खावी, ती चांगली भाजी आहे. पण तिच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन सोडू नये. गोळ्याही चालू आणि रोज कडू रसही चालू, असे असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. काही जणांची साखर एकदम खाली जाऊ शकते.

दुधीचे तर आपल्या घरांत खास प्रेम. नबी करीम सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांना दुधी आवडत असे, हे हजरत अनस रजि. यांच्या रिवायतीतून आपण ऐकत आलो आहोत. दुधीचा दालचा, दुधीचे सालन खुशाल करावे. पण दुधी कडू लागली तर ती कोणत्याही रूपात खाऊ नये, आणि तिचा रस तर मुळीच पिऊ नये. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होऊन माणसे दगावल्याचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने तपासले आणि कडू रस पिऊ नये असा स्पष्ट इशारा दिला. घरच्या वेलाची दुधीही कडू निघू शकते. म्हणून चिरताना छोटा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि कडू लागला तर सगळी फेकावी.

ज्यांच्या मूत्रपिंडावर मधुमेहाचा परिणाम झाला आहे, त्यांनी पालेभाजी किती खावी हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. त्यांना पोटॅशियम मोजावे लागते. आणि आपल्या जिल्ह्यांत सिकलसेल बऱ्याच कुटुंबांत आढळतो. तो असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी ही तपासणी फसवा आकडा देऊ शकते. घरात सिकलसेल असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे.

रमजानची गोष्ट

मधुमेह असलेल्यांनी रोजे ठेवण्याआधी, महिना-दोन महिने अगोदर डॉक्टरांना भेटावे. गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलावी लागते. रोज्यात साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात. साखर ७० च्या खाली गेली, किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडावा. जीव धोक्यात घालण्याची सक्ती दीनने केलेली नाही, आजाऱ्याला सूट आहे.

सेहरीला नुसता चहा-टोस्ट किंवा दूध-शेवया घेण्यापेक्षा डाळ, भाजी आणि एक-दोन पोळ्या घ्याव्यात. इफ्तारला एखादी खजूर आणि पाणी, मग काकडी, फळाच्या एक-दोन फोडी, भाजीचे सूप. भजी आणि शरबताचा दस्तरखान मधुमेह्यासाठी मांडायचा नाही. तो सगळ्यांसाठी कमी केला तर घरातल्या आजारी माणसाला वेगळे बसल्यासारखे वाटत नाही.

सुरुवात कुठून करावी?

वाडी नसेल तर दोन रिकामे डबे किंवा सिमेंटची पोती घ्या. पालक, मेथी आणि लाल भाजी महिनाभरात तोडायला येते. जागा असेल तर एक मुनग्याचे झाड लावा, त्याची पाने आणि शेंगा दोन्ही कामाला येतात. सिंदेवाही आणि गडचिरोलीच्या कृषी विज्ञान केंद्रांत बियाणे आणि लागवडीविषयी विचारता येते. उन्हाळ्यासाठी हरभऱ्याची पाने, अंबाडी, वांगी वाळवून ठेवण्याची आपल्याकडची जुनी रीत पुन्हा सुरू करा. जेव्हा घरचे नसेल तेव्हा बाजारातून आणा, पण भाजीशिवाय दिवस जाऊ देऊ नका.

आणि एक प्रयोग घरीच करून पाहा. एक दिवस नेहमीचे भाताचे ताट, दुसऱ्या दिवशी निम्मे ताट भाजीचे. दोन्ही दिवशी जेवायला बसताना आणि त्यानंतर दोन तासांनी साखर तपासून वहीत लिहा. खालांच्या वहीत असे आकडे आहेत. कोणी काही सांगण्यापेक्षा त्या आकड्यांनी त्यांना जास्त पटले.

आता खाला सकाळी आधी गोळी घेतात, मग बूट घालून वाडीत जातात. कारली अजूनही भरपूर लागतात. गेल्या वेळी त्यांनी पिशवी भरून दिली, तेव्हा नेहमीचे वाक्य जरा बदलले होते. म्हणाल्या, "घरची आहे, वाटीभर खा. आणि भात कमी घ्या, नाहीतर माझी मेहनत वाया जाईल."